आधी भाकर अडते

अन्ननलिकेत गाठ वाढायला लागली की तिची पहिली खूण दवाखान्यात नाही, ताटात दिसते. ज्वारीची भाकर चावून खाणारा माणूस ती वरणात चुरायला लागतो. मग भाकरीऐवजी पोळी मागतो, तीही दुधात भिजवून. मटण केलं तर रस्सा ओरपतो आणि तुकडे बाजूला सारतो. दर दोन घासांमागे त्याला पाण्याचा घोट लागतो. सगळ्यांच्या आधी जेवायला बसतो, सगळ्यांच्या नंतर उठतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "काही नाही, जरा ग्यास झाला." तो खोटं बोलत नसतो. बदल इतका सावकाश होतो की त्याचा त्यालाच उमगत नाही. म्हणून हा लेख रुग्णापेक्षा त्याला जेवायला वाढणाऱ्यांसाठी जास्त आहे.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांबीची, घशापासून जठरापर्यंत, श्वासनलिकेच्या आणि हृदयाच्या मागून खाली उतरणारी लवचिक नळी. ती ताणली जाते, त्यामुळे पोकळी निम्म्याहून जास्त अरुंद होईपर्यंत घट्ट घासही बिनबोभाट उतरतो. सुरुवातीला दुखत नाही. शिवाय आतड्यांवर बाहेरून जे पातळ आवरण असतं, ते अन्ननलिकेवर नसतं. कर्करोग तिच्या भिंतीबाहेर पडला की शेजारच्या श्वासनलिकेपर्यंत आणि रसग्रंथींपर्यंत पोचायला त्याला आडकाठी राहत नाही. दुखेल तेव्हा जाऊ, असं ठरवणाऱ्यांचा घात होतो तो इथेच.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. घट्ट घास अडकण्याची तक्रार नवी असेल आणि पुन्हापुन्हा येत असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांचा कोर्स संपायची वाट पाहू नका. पेरणी आटोपली की जाऊ, कापूस वेचून झाला की जाऊ, असंही नको. दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपी, त्याच आठवड्यात ठरवा. चाळिशी ओलांडली असेल, तंबाखूची सवय असेल किंवा सदरा सैल व्हायला लागला असेल तर एक दिवसही दवडू नका.

घास नेमका कुठे अडतो हे रुग्णाला विचारलं तर तो बहुतेकदा गळ्याच्या खळगीवर बोट ठेवतो. त्या बोटावर फार विसंबू नका. अडथळा खाली जठराच्या तोंडाशी असला तरी जाणीव वर गळ्यात होऊ शकते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहून 'घसा साफ आहे' असं सांगितलं, तर फक्त घसा साफ आहे. खालची नळी अजून कोणी पाहिलेली नाही.

गिळायला त्रास होणं म्हणजे कर्करोगच, असं मात्र मुळीच नाही. कोणत्या क्रमाने काय अडतं ते नीट आठवून डॉक्टरांना सांगा, निम्मं निदान त्यातच होतं. आधी भाकर, काही आठवड्यांनी पोळी, मग गिला भात, शेवटी दूध, अशी पायरीपायरीने अडचण वाढत असेल तर नळी आतून अरुंद होत आहे. पहिल्या दिवसापासून पाणी आणि भाकर दोन्ही अडत असतील, रात्री आडवं झाल्यावर खाल्लेलं तसंच तोंडात येत असेल, तर नळीच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल न पडण्याचा आजार असू शकतो. त्याला अकॅलेशिया म्हणतात, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. दिवसभर गळ्यात गोळा वाटतो पण जेवताना घास सुरळीत उतरतो, अशी तक्रार बहुधा ताणातून किंवा घशाच्या कोरडेपणातून येते. वर्षानुवर्षे छातीत जळजळ असणाऱ्यांत आम्लाच्या जखमा भरताना नळी आकसते. रक्त फार कमी असलेल्या बायकांत नळीच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होतो आणि घास अडतो. लोहाच्या गोळ्यांनी आणि दुर्बिणीतून पडदा ताणून तो त्रास जातो, पण अशा बायकांना पुढे कर्करोगाचा धोका थोडा जास्त असल्याने त्यांनी तपासणी सोडू नये.

काही खुणा मात्र वाट पाहू देत नाहीत. आवाज घोगरा होऊन तसाच राहणं, पाणी पिताक्षणी ठसका लागणं, डाव्या हंसळीच्या वर कडक गाठ लागणं, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये खोल दुखणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी. आणि थुंकीही गिळता येत नसेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. अडकलेला घास केळं किंवा भाताचा गोळा खाऊन ढकलायचा प्रयत्न करू नका, तो फुप्फुसात जायचा.

खर्रा, मिश्री आणि न उघडणारं तोंड

भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दरवर्षी सुमारे ७० हजार नवे रुग्ण होतात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. आपल्याकडे यातला मोठा भाग नळीच्या आतल्या अस्तरातून उगवणाऱ्या प्रकाराचा, ज्याला स्क्वॅमस म्हणतात. त्याची नाळ तंबाखू, सुपारी, विडी आणि दारूशी जुळलेली आहे. दुसरा प्रकार, ॲडिनोकार्सिनोमा, नळीच्या खालच्या टोकाला होतो आणि लठ्ठपणा व जुनाट आम्लपित्ताच्या मागून येतो. शहरी वस्तीत त्याचीही आठवण ठेवायला हवी.

वऱ्हाडात खर्रा टाळून हा विषय पुढे नेता येत नाही. राज्यात २०१२ च्या जुलैत गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून मिळणारा खर्रा चालूच राहिला. तोंडात धरलेल्या खर्‍याचा रस थुंकला तरी थोडा गिळला जातोच, आणि कचेरीत, वर्गात, बसमध्ये थुंकायची सोय नसलेले तो सगळाच गिळतात. नुसती सुपारी निर्धोक असते हा समजही सोडा. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं आहे. बायकांची मिश्री आणि गुडाखू 'दात घासायला' म्हणून हिशेबात धरली जात नाही. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं की ती सांगायलाच हवी. तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

खर्‍याचा आणखी एक त्रास फारसा कोणी बोलून दाखवत नाही. सुपारीने गालांची आतली त्वचा ताठर होते आणि तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं दातांच्या मध्ये मावत नसतील तर दुर्बीण तोंडातून घालणंच अवघड होतं. म्हणजे ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच तपासणी अडते. अशा माणसाने भेटीची वेळ घेतानाच ही अडचण सांगावी. नाकातून जाणारी बारीक दुर्बीण किंवा आधी बेरियमचा एक्स-रे असे मार्ग असतात. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग होऊन बरा झालेल्यांनी अन्ननलिका पाहून घ्यायला हवी, कारण तोच रस त्याच वाटेने खाली गेलेला असतो.

चहाचंही सांगून टाकतो. ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेला बहुधा कर्करोगकारक, असं त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा. बशीत ओतून चहा पिणाऱ्यांना गावंढळ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, बशीतला चहा लवकर निवतो.

तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

दुर्बीण आणि तुकडा

एन्डोस्कोपीची भीती तिच्या त्रासापेक्षा मोठी असते. सहा ते आठ तास उपाशी राहायचं. गिळायला बराच त्रास असेल तर आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं, म्हणजे नळीत अन्न साचून राहत नाही. घशात बधिर करणारा फवारा मारतात, काहींना झोपेचं इंजेक्शन देतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. अस्तरावर व्रण किंवा खडबडीत वाढ दिसली तर तिथले सहा-आठ बारीक तुकडे घेतात. त्या अस्तराला दुखल्याची जाणीव नसते, आणि 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' या भीतीला इथे आधार नाही. उलट तुकड्याच्या अहवालाशिवाय कोणी केमो किंवा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करायला सांगितलं, तर थांबा आणि दुसरं मत घ्या.

ही तपासणी अमरावती आणि अकोल्यात होते, तिच्यासाठी लगेच नागपूर गाठायचं कारण नाही. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीचं पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय ही विचारणा करायची पहिली ठिकाणं.

आता साध्या गाठींविषयी. त्या कमी आढळतात, पण घाईचे निर्णय त्यांच्याच बाबतीत जास्त होतात. त्यांतली नेहमीची गाठ म्हणजे लिओमायोमा, नळीच्या स्नायूतून उगवणारी. वरचं अस्तर शाबूत असतं, त्यामुळे दुर्बिणीतून ती गादीखाली ठेवलेल्या लिंबासारखी दिसते, फुगवटा आहे पण वर जखम नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ती अचानक सापडते आणि घरात रडारड सुरू होते. या गाठीचा कर्करोग होणं अगदी विरळ. ती बहुधा वर्षानुवर्षं तेवढीच राहते.

इथे तुकड्याचा नियम उलटतो. अस्तर शाबूत असलेल्या फुगवट्यातून दुर्बिणीने तुकडा घेतला तर आत व्रण पडून अस्तर गाठीला चिकटतं, आणि पुढे गाठ सोलून काढायची वेळ आली तर नळीला भोक पडायचा धोका वाढतो. म्हणून आधी दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीने, म्हणजे ईयूएसने, गाठ कोणत्या थरात आहे ते पाहतात. याच थरातून क्वचित जीआयएसटी नावाची वेगळ्या स्वभावाची गाठही येते. तशी शंका असली तर ईयूएसमधून सुईने नमुना घेतात.

लहान आणि त्रास न देणाऱ्या लिओमायोमाला हात न लावणं हा उपचारच आहे. ठरल्या वेळी पुन्हा तपासायचं, एवढंच. घास अडायला लागला, गाठ पाच सेंटिमीटरच्या आसपास गेली, ती वाढताना दिसली किंवा वर व्रण पडला तर काढतात. बहुतेकदा छातीत छोटी छिद्रं पाडून नुसती गाठ सोलून घेतात, नळी तशीच राहते. अशा माणसाला कोणी सगळी अन्ननलिका काढायचा सल्ला दिला तर कारण विचारा. गाठ अवाढव्य असल्यास ती वेळ येते, पण क्वचित. देठावर लोंबणारी एक साधी गाठ नळीच्या वरच्या भागात होते. ती लांबत जाऊन उलटीसरशी तोंडात येते आणि श्वासाची वाट अडवू शकते. ती साधी असूनही काढावीच लागते.

कर्करोग ठरल्यावर

अहवालात कर्करोग आला की नातेवाईक विचारतात, ऑपरेशन कधी? त्याआधी विचारायला हवं, तो कुठवर गेला आहे? छाती-पोटाचा सीटी, बहुतेकदा पेट-सीटी, आणि गाठ वरच्या किंवा मधल्या भागात असेल तर श्वासनलिकेची दुर्बीण, एवढं झाल्याशिवाय उपचारांचा क्रम ठरत नाही.

अगदी वरच्या अस्तरापुरता असेल तर दुर्बिणीतूनच खरवडून निघतो. आपल्याकडे असे भाग्यवान थोडे. बहुतेकांत तो भिंतीत खोल किंवा रसग्रंथींत गेलेला असतो पण दूर पसरलेला नसतो, आणि खरा फरक पडतो तो इथेच. नेदरलँड्समधल्या 'क्रॉस' चाचणीचे निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण २४ महिन्यांपलीकडे जगले, तर आधी पाच आठवडे केमो आणि २३ वेळा शेक घेऊन मग शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे ४९ महिन्यांपलीकडे. आपल्याकडच्या स्क्वॅमस प्रकारात फायदा त्याहून ठळक होता. म्हणून 'आधी कापून टाका, मग बघू' हा आग्रह धरू नका. खालच्या टोकाच्या ॲडिनोकार्सिनोमात मात्र शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर चार औषधांची केमो जास्त लाभते, असं जर्मनीतल्या चाचणीत २०२४ मध्ये दिसलं. गळ्यातल्या भागाच्या कर्करोगात चाकूऐवजी केमो आणि शेक यांवरच भर असतो, नाही तर स्वरयंत्र जायचं.

शस्त्रक्रिया मोठी असते. अन्ननलिकेचा बराच भाग काढून जठराची नळी करून ती वर ओढून जोडतात. जोड सुटणं आणि न्यूमोनिया हे दोन धोके. जिथे या शस्त्रक्रिया नियमित होतात तिथे मृत्यू कमी होतात, हे जगभर दिसलेलं आहे. 'तुमच्याकडे वर्षाला अशा किती होतात?' हा प्रश्न उद्धट नाही, बेधडक विचारा. आधीचे आठवडे वाया घालवू नका. तंबाखू आणि विडी पूर्ण बंद, किडलेले दात साफ, आणि तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम रोज.

रोग दूर पसरला असेल तर उद्दिष्ट बदलतं, उपचार संपत नाहीत. जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला की बहुतेकांना पातळ-मऊ खाता येतं. भाकरीचा तुकडा किंवा मटण त्यात अडकतं, ते टाळा. थोड्या शेकाने अडथळा आणि दुखणं दोन्ही कमी होतं. मॉर्फिनच्या गोळ्यांना घाबरू नका, दुखणाऱ्याला त्या डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायच्याच असतात.

पोटात काय जातंय?

निदान झालं, तारखा मिळाल्या, आणि त्या मधल्या महिन्याभरात माणूस उपासमारीने खंगतो. ६० किलोचा माणूस सहा महिन्यांत ५४ वर आला तर धोक्याची पातळी ओलांडली, केमो अर्ध्यात सोडायची वेळ येऊ शकते. वजनकाटा आणा, दर आठवड्याला एकाच वारी वजन लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा.

वरणाचं नुसतं पाणी, नारळपाणी, फळांचा रस हे आपल्याकडे आजाऱ्याचं अन्न समजलं जातं. त्यात ताकद नावापुरती. गिळता येत असेल तर घट्ट वरणात तूप, दुधात दुधाची पावडर, ज्वारीच्या आंबिलीत भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट, दुधात फेटून शिजवलेलं अंडं, दह्यात कुस्करलेलं केळं. दिवसातून सहा-आठ वेळा, थोडं थोडं. साधारण हिशेब असा की किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञाकडून हे आकडे बदलून घ्या.

पातळही उतरत नसेल तर नाकातून किंवा पोटातून आतड्यात नळी घालतात. घरच्यांना वाटतं, नळी लागली म्हणजे संपलं. खरं तर नळीमुळेच पुढचा उपचार झेपतो. नळीतून देताना अन्न कापडाने गाळा, रुग्णाला बसतं करा, दिल्यावर किमान अर्धा तास आडवं करू नका, आणि प्रत्येक वेळी कोमट पाण्याने नळी धुवा. पोटातली नळी निसटली तर ते भोक काही तासांत बुजायला लागतं, म्हणून त्याच दिवशी दवाखाना. दहा-पंधरा दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला एकदम भरपूर देऊ नका. रक्तातले क्षार कोसळून जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या नजरेखाली चार-पाच दिवसांत वाढवत न्या.

शस्त्रक्रियेनंतर जठर लहान झालेलं असतं. थोडं खा, जेवताना फार पाणी नको, गोड कमी, जेवून लगेच झोपू नका, पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच ठेवा. आणि रुग्णाचं ताट वेगळं करू नका, हा रोग उष्ट्याने लागत नाही.

पैसा आणि प्रवास

राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत अमरावती होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि शेक त्यात बसतात. रुग्णालय योजनेत आहे का हे भरती होण्याआधी १५५३८८ वर विचारा, आणि पोचल्यावर आधी योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटा. आधी पैसे भरून नंतर परत मिळवण्याच्या नादी लागू नका. रेशनकार्डावर रुग्णाचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे आजच पाहून ठेवा. नावातल्या एका वेलांटीपायी मंजुरी रेंगाळते.

अकोल्यात संत तुकाराम रुग्णालय कर्करोगासाठी ओळखलं जातं. पुढे सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं, नागपुरात जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. २३ वेळा शेक घ्यायचा म्हणजे रोज जाऊन-येऊन ते होत नाही, मुक्कामाची सोय आधी पाहा. माझं मत असं की निदान आणि आहार जवळच्या गावी, शेक जिथे महिनाभर राहता येईल तिथे, आणि शस्त्रक्रिया मात्र जिथे ती सतत होते तिथे, मग ते कितीही लांब असो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं तर तिथल्या समाजसेवा विभागात राहण्याची विचारणा करा. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि शेंडगावच्या या माणसाच्या दारात आजही मुख्यतः कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे सोबती उतरतात. रेल्वेत कर्करोग रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा छापील अर्ज रुग्णालयातून भरून, शिक्का मारून घ्यावा लागतो. निघताना पिशवीत एन्डोस्कोपीचा अहवाल, तुकड्याचा अहवाल, सीटीच्या फिल्म किंवा सीडी, वजनाचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, रेशनकार्ड आणि आधार घ्या. शिवाय तुकडा तपासलेल्या प्रयोगशाळेतून मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात. त्या सोबत नसल्या तर दुर्बीण पुन्हा घालावी लागू शकते, किंवा त्यांच्यासाठी कोणाला तरी गावी परत यावं लागतं.